ढाल येईल, खुर्ची राहील

वाडी, नेकनूरजवळ, जि. बीड
१२ एप्रिल २०२४

प्रिय वर्षे,

तुझा फोन येऊन गेला म्हणे. म्हणे, कारण तो माझ्यापर्यंत पोचलाच नाही. स्टाफरूममध्ये माझा फोन माझ्याआधी मुंजाजी उचलतो. मुंजाजी म्हणजे आमच्या कॉलेजच्या संस्थेच्या अध्यक्षांचा माणूस. पगार कारकुनाचा घेतो, काम कानाचं करतो. "तुमच्या बहिणीचा व्हता सर, कावून केलता ते सांगितलं न्हाई," असं म्हणाला आणि माझ्याकडेच संशयाने बघत बसला. तेव्हा आपलं जुनंच बरं. तू हॉस्टेलवर असताना तात्या मला पुढ्यात बसवून तुला पत्र लिहायला लावायचा, त्या सवयीवर चाललंय. पाकीट फोडायचा धीर मुंजाजीला अजून झालेला नाही.

मंगळवारी पाडव्याला बिरोबापुढे भाकणूक झाली. तुझा मामा, म्हणजे आमचा तात्या, नेहमीसारखा दिवसभर उपाशी होता. ढोल सुरू झाले, भंडारा उधळला, अंगावरची घोंगडी खाली पडली आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर आपटायला लागला. तो पाय तसा नाचू लागला की मागे कितीही गलका असो, सगळी वाडी गप्प होते. तात्या बोलला, "मिरगाचं पाणी दमानं, आश्लेषाचं भरून. ज्वारी राजी, कापूस रुसंल. कालेजाची पोरं ढाल आणतील. खुर्चीवरला खुर्चीवर राहील."

आता बोल! पाऊसपाणी ठीक आहे. पण ढाल? विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची ढाल? आमचा संघ गेली तीन वर्षं पहिल्याच फेरीत हरून बसस्टँडवर भजी खाऊन परत आलेला आहे. आमची पोरं माळावर खेळतात, तात्या तिथेच मेंढरं चारतो, चेंडू कळपात घुसला की शिव्या देतो. बहुतेक तेच डोक्यात राहिलं असेल. नंतर विचारलं तर म्हणतो, "देव बोलला आसंल. मला काय ठाव?" त्याला खरंच आठवत नाही, हे तुला सांगायला नको. तू सातवीत असताना भर गर्दीत "बोलणाऱ्याच्याच वाड्यावर रोग येईल" असं तो बोलला होता आणि दिवाळीपर्यंत आपली निम्मी मेंढरं गेली. आई अजून कुरकुरते, घरापुरतं तरी गोड बोलायचं होतं म्हणून. तात्या तिला म्हणाला होता, "देवाच्या तोंडात माझा शब्द घातला तर मला माळावर सावली मिळायची न्हाई."

आमचे अध्यक्ष पहिल्या रांगेत होते. साखर कारखान्याच्या खुर्चीवरही तेच, आणि यंदा तिथली निवडणूक आहे. "खुर्चीवरला खुर्चीवर राहील" ऐकून त्यांनी तिथल्या तिथे देवळाला पत्रे कबूल केले. मग माझ्याकडे वळून बघितलं. देव ढाल आणि खुर्ची एका दमात बोलला होता ना!

माझा स्वतःचा अंदाज विचारशील तर सगळं जुळून आलं तर उपांत्य फेरी. तुझा कळव.

तुझा दादा,
बंकट


छत्रपती संभाजीनगर
२ मे २०२४

दादा,

माझा अंदाज: दुसऱ्या फेरीत बाद. पहिली जिंकाल, कारण समोरचा संघ रस्ता चुकून वेळेवर पोचणार नाही. रागावू नकोस, आता मी रेफ्री आहे, खरं बोलावं लागतं. हो, परीक्षा पास झाले! राज्याची यादी लागली, त्यात बायका दोनच. सकाळी शाळेत पीटी, संध्याकाळी मैदानावर शिट्टी. परवा एक पोरगा म्हणाला, "ताई, ऑफसाइड तुम्हाला कळतो का?" त्याला पिवळं कार्ड दाखवलं आणि म्हणाले, हे कळतं का बघ. माझ्या मामेभावाने मला माळावर मेंढरांमध्ये ऑफसाइड शिकवला, हे त्याला कुठे माहीत?

आता कामाचं. आमच्या निवासी शाळेत फुटबॉल प्रशिक्षकाची कायम जागा निघणार आहे, नोव्हेंबरात मुलाखती. तुझ्यासाठीच निघाल्यासारखी. पण हजर होताना मूळ कागद लागतील, झेरॉक्स चालत नाही. नोकरीला लागताना "तपासून देतो" म्हणून अध्यक्षांनी ठेवून घेतलेल्या तुझ्या सनदा अजून त्याच लोखंडी कपाटात आहेत ना? दहावीपासून बीपीएडपर्यंत? अकरा वर्षं एखादा माणूस दुसऱ्याचं गाढवसुद्धा बांधून ठेवत नाही रे.

पुढच्या वर्षी जूनमध्ये तुझी वयाची अट संपते. ही संधी गेली तर तासिका तत्त्वावरचा मास्तर म्हणूनच म्हातारा होशील आणि मामी मुली शोधून शोधून थकेल. काहीतरी कर. कागद आण.

मामाला नमस्कार सांग. मामीला म्हणावं, लोणचं संपलं.

वर्षा


वाडी
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय वर्षे,

मृग दमानं झाला, आश्लेषा भरून झाली. विहिरी तुडुंब आहेत, ज्वारीसाठी वापसा मस्त आहे आणि कापसाची बोंडं काळी पडली. तात्याचं सगळं खरं झालं आणि माझ्या गळ्याला फास लागला. आता लोक ढालीचं विचारायला लागलेत. दळणाच्या गिरणीत बायका विचारतात, "सर, कधी आणता मंग?" जसं काही मी गॅसची टाकी आणायला चाललोय.

नेकनूरच्या स्टँडवर फ्लेक्स लागलाय. वर अध्यक्ष, खाली एका बाजूला घोंगडीवाला तात्या, एका बाजूला शिट्टी घेतलेला मी. मजकूर: "ढाल येणार! खुर्ची राहणार!" अजून आमचा एकही सामना झालेला नाही. तात्याने तो बघितला आणि दोन दिवस तिकडची वाट सोडून शेतातून गेला.

कागद मागितले. पासपोर्ट काढायचाय असं सांगितलं. अध्यक्ष हसले. "कुठं चाललाव? दुबईला मेंढरं राखाया?" सगळे हसले, मीही हसलो. मला तिथे हसण्याची सवयच लागली आहे, वर्षे, आणि तिची मला लाज वाटते. मग म्हणाले, "कागद आमच्याकडं तुमच्यापेक्षा सुरक्षित हायत." कपाट त्यांच्या पाठीमागेच आहे. रोज सही करायला जातो तेव्हा ते हिरवं कपाट मला दिसतं. आत माझी सगळी शिकलेली वर्षं पडून आहेत आणि किल्ली त्यांच्या करदोट्यासारखी कायम कमरेला.

मुलाखतीला येतो. लग्नाला चाललोय असं सांगीन. कोणाच्या, ते ठरवायचंय.

बंकट


छत्रपती संभाजीनगर
२० डिसेंबर २०२४

दादा, दादा, दादा,

यादी लागली. पहिलं नाव तुझं! मी शाळेच्या व्हरांड्यात एकटीच नाचले, शिपायाने बघितलं. आमच्या मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "हा माणूस इतकी वर्षं कुठे होता?" मी म्हणाले, कपाटात.

नीट वाच. दहा एप्रिलपर्यंत हजर व्हायचं, मूळ कागद घेऊन. नाही आलास तर जागा दुसऱ्या नावाला जाते. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की याबाबतीत त्या काही करू शकत नाहीत.

आणि तुमचं हे काय चाललंय? तेलगावला पहिली फेरी जिंकलात, तेव्हा मी म्हटलं नशीब. बीडला दुसरी जिंकलात, तेव्हा माझा अंदाज मातीत गेला आणि इथल्या रेफ्रींनी मला चहा पाजायला लावला. तिसरी पेनल्टीवर! हंगामाआधी इथल्या सगळ्या प्रशिक्षकांनी मिळून शेवटच्या चारांची नावं फळ्यावर लिहिली होती, त्यांतली दोन आत्ताच पुसली गेली. त्या फळ्यावर तुमचं नाव कोणी खडूनेसुद्धा लिहिलं नव्हतं. गोलकीपर कोण आहे तुमचा? हात आहेत की खराटे?

मामाला सांगितलंस ना नोकरीचं? त्याचं तोंड कसं झालं ते लिही.

वर्षा


वाडी
१९ जानेवारी २०२५

प्रिय वर्षे,

गोलकीपरचं नाव पप्पू. घरी रसवंती आहे. फेकलेला ऊस झेलून झेलून तयार झालाय. परवा उपांत्यपूर्व सामना जिंकलो, म्हणजे शेवटच्या चारांत आलो. तुझा अंदाज गेला, फळ्यावरचा गेला, माझा बरोबर आला. आता फक्त तात्याचा राहिलाय.

नोकरीचं तात्याला सांगितलेलं नाही. कागद हातात आले की सांगीन. उगाच त्याच्या जिवाला घोर कशाला?

आनंदाची गोष्ट म्हणजे अध्यक्ष पाघळले. मीच धीर करून खरं सांगितलं, नोकरी लागलीय म्हणून. वाटलं होतं, भडकतील. ते शांतपणे म्हणाले, "ढाल आणा. ढाल हिकडं, कागद तिकडं." कारखान्याची निवडणूक मेपर्यंत पुढे गेली आहे. समोरचे लोक गावोगाव सांगत फिरतात, ढाल आली नाही की खुर्चीपण गेली म्हणून समजा. त्यामुळे अध्यक्षांना आता माझ्यापेक्षा ढालीची घाई. रोज सरावाला येऊन खुर्ची टाकून बसतात. पोरांना केळी देतात. हरलो तर काय, हे मी विचारलं नाही.

सहज विचारतो, फायनलला शिट्टी कोणाकडे आहे? तुम्हाला कळलं असेल.

बंकट


छत्रपती संभाजीनगर
२७ जानेवारी २०२५

दादा,

तुला कुठून सुगावा लागला? माझ्या तोंडून ऐकायचं होतं म्हणून "सहज विचारतो" काय? लबाड!

हो, मीच. फायनल माझी! विद्यापीठाच्या पुरुषांच्या फायनलला बाई रेफ्री कधीच झालेली नाही. पत्र हातात पडलं तेव्हा मला पहिल्यांदा आपला माळ आठवला, तू गोलपोस्ट म्हणून रोवलेल्या दोन बाभळीच्या काठ्या आठवल्या. आई गेल्यावर मी मामाच्या घरी आले तेव्हा कुणाशीच बोलत नव्हते. तू मला चेंडू दिलास आणि म्हणालास, "बोलू नको, नुसता मार." मी कुठून कुठे आले रे!

तुम्ही फायनलला आलात तर अवघड होईल, ते मला कळतं. आपली आडनावं वेगळी, कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पण माझ्या शिट्टीला नातं नाही, हे तुला माहीत आहे. तू समोर असलास तर उलट दोन फाउल जास्तच देईन तुमच्यावर!

नवीन बूट घेतले आहेत. काळे.

वर्षा


वाडी
३ फेब्रुवारी २०२५

वर्षे,

आलो फायनलला. आमच्या सटवाने शेवटच्या मिनिटाला गोल मारला. पोरं रडत होती, मी रडत होतो, अध्यक्ष फोटो काढत होते.

काल मला अध्यक्षांनी ऑफिसात बोलावलं. मुंजाजी आधीच बसलेला. त्याने शोधून काढलंय की फायनलची रेफ्री तात्याबाची भाची आहे, आमच्याच घरात वाढलेली. अध्यक्ष म्हणाले, "आता देवानंच सगळं जुळवून आणलंय, सर." मी म्हणालो, ती तसली नाही. ते म्हणाले, "आमी काय चोरी करा म्हणतोय व्हय? खेळात एखादी पेनल्टी हिकडं तिकडं व्हतीच." मग पाठीमागच्या कपाटावर बोटांनी टकटक केलं.

मी हे लिहिणार नव्हतो. दोनदा कागद फाडला. पण तुझ्यापासून काय लपवू? समोरचा संघ आमच्यापेक्षा सरस आहे, मी त्यांचे दोन सामने बघितलेत. सरळ खेळलो तर हरू. हरलो तर कागद गेले, दहा एप्रिल गेली, जून गेला. पुढची वीस वर्षं मला दिसतात, वर्षे. तेच हिरवं कपाट, तीच सही, तेच हसणं. जिथे जावं तिथे भिंत. तात्याने बोलून ठेवलंय, फ्लेक्सवर छापलंय, गाव वाट बघतंय, आणि मी मधे.

एक पेनल्टी. शंका असेल तिथे आमच्या बाजूने. एवढंच. तुला वाईट वाटलं तर समजून घे, मलाही वाटतंय.

बंकट


छत्रपती संभाजीनगर
८ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र वाचून मी आधी खूप रडले, मग खूप चिडले, मग बूट कपाटात ठेवले.

आज समितीला लिहून दिलं की त्या संघाचा प्रशिक्षक माझा मामेभाऊ आहे, मला या सामन्यातून मोकळं करावं. समितीचे साहेब म्हणाले, "आधी का नाही सांगितलं?" फायनल दुसऱ्याला दिली. मला वर्षभर विद्यापीठाचा सामना नाही.

मी शंकेवर तुझ्या बाजूने शिट्टी वाजवू शकले नसते. पण मी तिथे उभी राहिले असते आणि खरी पेनल्टी तुमच्या विरुद्ध गेली असती, तर ती द्यायला माझा हात उचलला असता का? तेही मला सांगता येईना. आधी सांगता आलं असतं. तू मला माझ्याच मैदानावर अडकवलंस. म्हणून उतरले.

हे तुला टोचावं म्हणूनच लिहिते आहे. टोचून झालं की सोडून दे. तुझ्यावर माया आहे, ती काही समितीला लिहून देता येत नाही. जिंक. सरळ जिंक. मी प्रेक्षकांत बसेन, दोन्हीकडच्या चांगल्या खेळाला टाळ्या वाजवीन.

वर्षा


वाडी
१८ फेब्रुवारी २०२५

वर्षे,

तू वरच्या पायरीवर बसली होतीस, मी बघितलं. तुझ्याकडे यायचं धाडस झालं नाही. आमच्या पोरांना तू कोण, ते माहीत नाही. पप्पू म्हणाला, "सर, त्या ताई त्यांच्या गोललाबी टाळ्या वाजवत व्हत्या."

ढाल आली. कोणाच्या कृपेने नाही, पप्पूच्या हातांनी आली. एक-एक बरोबरी असताना त्यांना पेनल्टी मिळाली. खरी होती, आमच्या पोराने सरळ पाडला होता. माझ्या मनात आलं, वर्षा असती तर तिनेही हीच दिली असती. पप्पूने अडवली. मग कॉर्नरवर सटवाचं डोकं. जिंकलो त्या क्षणी मला तुझ्या काळ्या बुटांची आठवण आली.

मिरवणूक नेकनूरपासून निघाली. जेसीबीतून गुलाल. तात्याला उघड्या जीपमध्ये अध्यक्षांच्या शेजारी बसवलं. तो सगळा वेळ खाली मान घालून होता. लोक अध्यक्षांच्या पाया पडत होते, जशी काय भाकणूक त्यांनीच सांगितली.

दुसऱ्या दिवशी कागद मागायला गेलो. त्यांनी मला पेढा भरवला. म्हणाले, "सर, लई गुणी माणूस तुमी. देवाचा शब्द खरा करणारा माणूस हातचा कोण सोडतंय? निवडणूक हाय मे मध्ये. लोक इचारतील, ढाल आणणारा कुठं गेला? पळाला कावून?" मी म्हणालो, दहा एप्रिल शेवटची तारीख आहे. तुम्ही शब्द दिला होता. म्हणाले, "दिलाच हाय. मे झाला की देतो."

बाहेर मुंजाजीने खालच्या आवाजात सांगितलं, आणि बहुतेक पहिल्यांदाच खरं सांगितलं: हरलो असतो तर मला त्याच दिवशी कागद तोंडावर फेकून हाकलायचं ठरलं होतं. अपशकुनी म्हणून.

म्हणजे दार होतं, वर्षे. ते हरण्यात होतं. मी तुझी फायनल घालवली, पोरांना ऊर फुटेस्तोवर पळवलं आणि जिंकून स्वतःच ते दार लावून घेतलं.

बंकट


छत्रपती संभाजीनगर
२ मार्च २०२५

दादा,

दुय्यम प्रतींची चौकशी केली. हरवल्याची पोलिसांत तक्रार लागते, प्रतिज्ञापत्र लागतं. तुझे कागद हरवलेले नाहीत, कुठे आहेत ते तुला माहीत आहे, आणि तुझ्या ठाण्यात कोणाचा फोन चालतो तेही. शिवाय सगळं मिळून तीन महिने. बाईंना पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, अकरा एप्रिलला दुसऱ्या नावाला पत्र जाईल.

मला एक सांग. मामाला अजून माहीत नाही ना? ना नोकरीचं, ना कपाटाचं? त्याच्या जिवाला घोर नको म्हणतोस. अरे, त्याच्या बोलण्यावर अख्खा खेळ चाललाय आणि त्या एकट्यालाच कोणी काही सांगत नाही. तू पण त्याला फ्लेक्सवरच्या फोटोसारखाच वागवतोस.

तू नाही सांगितलंस तर मी मामीला फोन करून सांगणार आहे. नातं आहे म्हणून एकदा गप्प राहिले, त्याचं काय झालं ते बघितलंस. आता गप्प राहायची नाही.

वर्षा


वाडी
४ एप्रिल २०२५

प्रिय वर्षे,

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. उद्या तुझ्या हातात देईन. समोर बसून मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तुझा फोन आईला कधी आला, ते मला कोणी सांगितलं नाही. पाडव्याच्या आधी आठवडाभर तात्या माझ्याशी बोलत नव्हता, एवढंच कळत होतं. एकदा जेवताना म्हणाला, "कपाट कसल्या रंगाचं हाय?" मी हिरवं म्हणालो.

पाडव्याला यंदा गर्दी दुप्पट. ढाल देवापुढे ठेवलेली. अध्यक्ष पहिल्या रांगेत, पांढऱ्या कपड्यांत, सगळे मोबाइल वर. ढोल वाजले, भंडारा उडाला, घोंगडी पडली, उजवा पाय आपटायला लागला. तात्या बोलला, "मिरीग लवकर. तूर राजी. पिवळं धन माफक." मग थांबला. कधी थांबत नाही तो असा. ढोलवाले गोंधळून हळू झाले.

वर्षे, त्याचा पाय थांबला होता.

दोन्ही पाय जमिनीवर स्थिर. गर्दी तोंडाकडे बघत होती, पायाकडे मी एकटाच बघत होतो. आणि तो बोलला, त्याच आवाजात, जरा कापऱ्या. "माळावरला मास्तर गाव सोडील. रामनवमीच्या आत सोडील. त्याचे अस्सल कागद त्याच्या हातात पडतील. न्हाई पडले, तर गेल्या पाडव्याचं बोललेलं माघारी घेतो."

मग एकेक डोकं अध्यक्षांकडे वळलं. गेल्या पाडव्याचं बोललेलं म्हणजे काय, ते वर्षभर त्यांनीच फ्लेक्सवर छापून सगळ्यांना पाठ करून दिलं होतं. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. बाहेर पडायला वाट नसलेल्या माणसाचा. मला ओळखीचा वाटला, रोज आरशात असतो तो. मग ते उठले, हात जोडले, कपाळाला भंडारा लावला आणि मोठ्याने म्हणाले, "देवाची आज्ञा."

दुसऱ्या दिवशी मुंजाजी स्वतः घरी आला. फाइल दोन्ही हातांत धरून, प्रसादासारखी. दहावीची सनद, बारावी, पदवी, बीपीएड. सगळे. कडा पिवळ्या पडल्यात. आईने ते देव्हाऱ्यात ठेवले आणि पदराने डोळे पुसत बसली.

तात्या घरी नव्हता. भाकणुकीची काठी आणि घोंगडी देवळात ठेवून आला होता. पुजाऱ्याला म्हणाला, "फुडल्या पाडव्याला दुसरा बघा. माझ्यात आता यायचा न्हाई." लोकांना वाटलं, वय झालं.

आज दुपारी मी माळावर गेलो. तो बाभळीखाली नव्हता, उन्हात बसला होता. तेवढ्यावरून मला सगळं कळलं आणि मी लहान पोरासारखा रडलो. मी म्हणालो, "तात्या, मी जात न्हाई. कागद राहू दे घरात. तुझी काठी परत आणतो."

तो मेंढरांकडे वळला. मग म्हणाला, "माझा पाय बघितलास नव्हं तू?"

मी मान हलवली.

"मंग जा. आतापतूर देव बोलायचा, खरं करणं त्याच्याकडं व्हतं. ह्या बारीचं तुझ्याकडं हाय. तू माघारी फिरलास तर मी जलमभर खोटा."

सकाळच्या गाडीने निघतोय. आईने तुझ्यासाठी लोणचं बांधलंय. तात्या स्टँडवर येणार नाही म्हणाला, मेंढरं सोडायची असतात.

तुझा,
बंकट